पेरू पिकला म्हणून संत्रं होत नाही : परिकल्पना, सिद्धांत आणि नियम

'पेट' किंवा 'नेट'च्या पेपर एकची तयारी करणाऱ्यांच्या नोट्समध्ये एक शिडी हमखास सापडते. सगळ्यात खाली परिकल्पना. ती सिद्ध झाली की सिद्धांत. सिद्धांत सर्वमान्य झाला, अपवाद उरला नाही, की नियम. मध्ये दोन बाण. प्रताप नगरातल्या अभ्यासिकांमध्ये हाताळून हाताळून मऊ झालेल्या झेरॉक्समध्येही हीच आकृती असते आणि तिच्यावर बेतलेला 'योग्य क्रम लावा' हा प्रश्नही असतो.

शिडी पाठ करायला सोपी आहे, म्हणून ती टिकून आहे. पण ती चुकीची आहे, आणि परीक्षेतल्या एका मार्कापुरतं तिचं नुकसान थांबत नाही. सिनॉप्सिस लिहिताना, आरआरसीसमोर उभं राहताना, वर्तमानपत्रात 'शास्त्रज्ञांचा नवा सिद्धांत' असं वाचताना, 'ती तर नुसती थिअरी आहे' असं कोणी म्हटल्यावर गप्प बसताना, दरवेळी आपण तिच्याच पायऱ्या मोजत असतो. आज ही शिडी उतरवून बाजूला ठेवू.

शिडीत नेमकी गडबड कुठे आहे?

'परिकल्पना' हा शब्द एखाद्या विधानाची अवस्था सांगतो. म्हणजे विधान मांडलंय, ते तपासता येईल असं आहे, पण अजून पुरेसं तपासलेलं नाही. 'नियम' आणि 'सिद्धांत' हे शब्द विधानाची जात सांगतात. निसर्गात नेमानं काय घडतं ते नियम थोडक्यात, बहुधा गणिती सूत्रात मांडतो. ते तसं का आणि कसं घडतं याची सुसंगत मांडणी म्हणजे सिद्धांत. त्यात अनेक नियम, अनेक निरीक्षणं आणि काही मूळ कल्पना एकत्र गुंफलेल्या असतात.

अवस्था आणि जात या दोन वेगळ्या गोष्टी एकाच रांगेत उभ्या केल्या की शिडी तयार होते. कच्चा-पिकका ही अवस्था. पेरू-संत्रं ही जात. कच्चा पेरू पिकला तर पिकलेला पेरू होईल. कितीही पिकला तरी त्याचं संत्रं होणार नाही. हे नागपूरकरांना तरी वेगळं सांगायला नको.

आता उदाहरण. १६६२ मध्ये रॉबर्ट बॉइलनं नोंदवलं की तापमान तेच ठेवलं तर वायूचा दाब आणि आकारमान यांचा गुणाकार बदलत नाही. हा नियम. असं का होतं? याचं उत्तर वायूंच्या गतिज सिद्धांतानं दिलं. त्याची सुरुवात १७३८ मध्ये डॅनियल बर्नुलीनं केली आणि एकोणिसाव्या शतकात मॅक्सवेल आणि बोल्ट्झमन यांनी त्याला भक्कम रूप दिलं. वायू म्हणजे सतत धावणारे रेणू. ते भांड्याच्या भिंतीवर आदळतात, तोच दाब. भांडं लहान केलं की आदळणं वाढतं. इथे नियम आधी आला, सिद्धांत नंतर. नोट्समधल्या शिडीच्या बरोबर उलट.

पुढची गंमत बघा. फार जास्त दाबाला आणि कमी तापमानाला बॉइलचा नियम नीट लागू पडत नाही. तो कुठे आणि का ढेपाळतो हे सिद्धांतावरूनच कळतं. नियमात रेणूंना आकारमान नाही, एकमेकांची ओढ नाही, असं धरलेलं असतं. प्रत्यक्षात दोन्ही असतात. व्हॅन डर वाल्सनं १८७३ मध्ये ही दुरुस्ती केली. म्हणजे वरच्या पायरीवर बसलेल्या नियमाला खालच्या पायरीवरचा सिद्धांत दुरुस्त करतोय. शिडी खरी असती तर हे शक्यच नव्हतं.

केप्लरच्या नियमांचंही तेच. पहिले दोन १६०९ चे, तिसरा १६१९ चा. ग्रह लंबवर्तुळात फिरतात हे केप्लरनं सांगितलं. त्यामागची यंत्रणा १६८७ मध्ये न्यूटननं दाखवली. पुढे बुधाच्या कक्षेत शतकाला ४३ विकला एवढा फरक उरतोय आणि तो न्यूटनच्या गणितात बसत नाही, हे लक्षात आलं. तो हिशोब १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांतानं जुळवला. न्यूटनचं सूत्र आजही 'नियम' आहे आणि आइन्स्टाइनची मांडणी आजही 'सिद्धांत'. जास्त अचूक कोण? सिद्धांत.

एक आक्षेप, आणि तो रास्त आहे

रसायनशास्त्राचा विद्यार्थी इथे हात वर करेल. ॲव्होगॅड्रोचं काय? समान तापमानाला आणि दाबाला सगळ्या वायूंच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते, हे त्यानं १८११ मध्ये मांडलं तेव्हा ती परिकल्पना होती. पन्नासेक वर्षं तिला कोणी फारशी भीक घातली नाही. १८५८ ते १८६० या काळात कॅनिझारोनं तिची ताकद दाखवली, आणि आज आपण तिला 'ॲव्होगॅड्रोचा नियम' म्हणतो. मग परिकल्पनेचा नियम झालाच की!

झाला. पण तो विधानाची जात बदलून झाला नाही. ॲव्होगॅड्रोचं विधान पहिल्या दिवसापासून नियमाच्याच जातीचं होतं. दोन राशींमधला सार्वत्रिक संबंध ते सांगत होतं. कच्चं होतं, पिकलं. त्याला मध्ये 'सिद्धांत' नावाच्या पायरीवर थांबावं लागलं नाही. तसंच सिद्धांताच्या जातीची परिकल्पनाही असते. ती पिकली तर सिद्धांत होते आणि तिथेच राहते.

शिडी मोडायची म्हणून काही जण दुसरं टोक गाठतात : 'नियम म्हणजे काय, सिद्धांत म्हणजे का, विषय संपला.' हेही ठोकळेबाजच. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणानं भरती-ओहोटीचं 'का' सांगितलं. पण खुद्द गुरुत्वाकर्षण का आहे हे सांगितलं नाही, आणि त्याच्या कारणाबद्दल परिकल्पना रचायला न्यूटननं १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत चक्क नकार दिला. मराठीत त्याला कोणी 'नियम' लिहितं, कोणी 'सिद्धांत'. नावं इतिहासानं चिकटवलेली असतात. स्ट्रिंग थिअरीच्या नावात थिअरी आहे, पण प्रयोगाचा आधार अजून मिळालेला नाही. त्यामुळे नावावरून विश्वासार्हता ठरवू नका. विधान कोणत्या जातीचं आहे आणि ते किती तपासलंय, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. माझ्या मते सगळी गोम एवढीच आहे.

लोणार : जिथे तिन्ही एकत्र काम करतात

आपल्या विदर्भातच याचा उत्तम वस्तुपाठ आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, जवळपास गोल खड्डा, तळाशी खारं पाणी. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली. तो कसा तयार झाला?

पहिली परिकल्पना ज्वालामुखीची. आज आपल्याला ती भाबडी वाटेल, पण त्या काळी तीच शहाणपणाची होती. खड्ड्याभोवतीचा सगळा प्रदेश दख्खनच्या पठाराचा, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. ज्वालामुखीच्या खडकात गोल खड्डा दिसला तर आधी ज्वालामुखीचंच मुख आठवणार.

१८९६ मध्ये ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञानं ॲरिझोनातल्या तशाच एका खड्ड्यावर निबंध लिहिला. निबंधाचा विषयच मुळी 'परिकल्पना कशा जन्मतात' हा होता, आणि त्यात लोणारशी असलेलं साम्यही आलं होतं. संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकानं गिल्बर्टची पद्धत समजून घ्यावी. त्यानं उल्कापाताची परिकल्पना घेतली आणि विचारलं, ती खरी असेल तर आणखी काय दिसायला हवं? लोखंडी उल्का तळाशी गाडली गेली असेल तर होकायंत्र तिथे विचलित व्हायला हवं. आणि तिनं जागा व्यापली असेल तर काठावर पडलेला मालमसाला खड्ड्याच्या आकारमानापेक्षा जास्त भरायला हवा. त्यानं दोन्ही तपासलं. होकायंत्र हललं नाही; काठावरचा माल आणि खड्डा यांचं माप जुळलं. त्यानं उल्कापाताची परिकल्पना सोडली आणि वाफेच्या स्फोटाचा निष्कर्ष काढला.

निष्कर्ष चुकला. पद्धत मात्र आदर्श होती. मग चूक आली कुठून? प्रचंड वेगानं आदळणारी वस्तू आदळताच बहुतांशी वितळून, वाफ होऊन, विखरून जाते, हे सांगणारा आघाताचा सिद्धांत तेव्हा तयारच नव्हता. म्हणजे परिकल्पना तपासताना आपण ती एकटी कधीच तपासत नाही. तिच्यासोबत पाठीमागचा सिद्धांतही पणाला लागलेला असतो. 'सिद्धांत नंतर येतो' असं सांगणारी शिडी ही गोष्ट पूर्ण लपवते.

लोणारच्या बाबतीत निर्णायक पुरावा मिळाला तो १९७३ मध्ये. फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी भोकं पाडून मिळवलेल्या खडकांचा अभ्यास 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्या खडकांत मॅस्केलिनाइट सापडलं. फेल्डस्पार हे खनिज न वितळता, केवळ जबरदस्त धक्क्याच्या दाबानं काचेसारखं झालं की त्याला मॅस्केलिनाइट म्हणतात. असा दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही. हे वाक्य आपण इतक्या ठामपणे म्हणू शकतो, कारण धक्क्याच्या लहरींचा सिद्धांत आता हाताशी आहे.

आणि नियम? भूशास्त्रात स्टेनोचा १६६९ चा एक नियम आहे : थर विस्कटलेले नसतील तर खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. लोणारच्या काठावर बेसॉल्टचे थर वर उचललेले, काही ठिकाणी तर उलटे झालेले दिसतात. तिथे डोळे मिटून नियम लावला तर वय उलटं निघेल. पण 'विस्कटलेले नसतील तर' ही अट मोडलेली दिसणं, हाच काहीतरी आघात झाल्याचा पुरावा ठरतो. नियम अटींसह येतो, हे इथे हातानं चाचपता येतं.

आता हिशोब करा. 'लोणार उल्कापातानं बनलं' ही परिकल्पना आज भक्कमपणे तपासली गेली आहे. मग ती 'लोणारचा सिद्धांत' झाली का? 'लोणारचा नियम' झाला का? नाही. ती एकदाच घडलेल्या घटनेबद्दलची परिकल्पना होती. पक्की झाल्यावर ती त्या घटनेबद्दलचा निष्कर्ष झाली. आणि तिच्याशेजारीच दुसरा प्रश्न अजून कच्चा आहे. खड्ड्याचं वय किती? १९९७ च्या औष्णिक प्रदीप्तीच्या मापनातून सुमारे ५२ हजार वर्षं आलं. पुढे आर्गॉन समस्थानिकांच्या मापनातून सुमारे ५ लाख ७० हजार. अकरा पटींचा फरक! खड्डा तोच, पण 'कसा' पक्कं आणि 'कधी' वादात. संशोधन असंच चालतं, तुकड्या-तुकड्यांनी.

'नुसती थिअरी' आणि कपाशीतली अळी

शिडीचं सगळ्यात मोठं नुकसान 'सिद्धांत' या शब्दाला झालंय. मधल्या पायरीवर बसवल्यामुळे तो कायम अर्धवट वाटतो. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत झालेल्या एका संमेलनात तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा असल्याचं म्हटलं. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलं नाही, हा त्यांचा मुद्दा होता. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्याचा प्रतिवाद केला. पुढे २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी पत्र लिहून विरोध केला.

'कोणी पाहिलं नाही' या आक्षेपाला उत्तर द्यायला गॅलापागोस बेटांवर जायची गरज नाही. वर्धा रोडवरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था पुरेशी आहे, आणि यवतमाळचा शेतकरी तर पुरून उरेल.

बीटी कपाशीला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. दोन जनुकांचं बीजी-२ वाण २००६ मध्ये आलं. झाडच विष तयार करतं आणि बोंडअळी ते खाऊन मरते. उत्क्रांतीचा सिद्धांत इथे आधीच एक भाकीत करतो. लाखो अळ्यांमध्ये एखादी योगायोगानं विष पचवणारी असेल. बाकीच्या मेल्या की तीच उरेल, तिचीच पिल्लं वाढतील आणि काही वर्षांत बीटी निकामी होईल. यावर उपायही सिद्धांतातूनच निघाला. बीटी शेताच्या कडेनं नॉन-बीटी कपाशी लावायची : किमान पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, जे जास्त असेल ते. तिथे साध्या अळ्या जगतील, त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळतील. प्रतिकाराचा गुण अप्रभावी असेल तर मेंडेलच्या नियमांनुसार त्यांची पिल्लं विषाला बळी पडतील. बघा, सिद्धांत आणि नियम एकाच शेतात, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून. कोणी वर नाही, कोणी खाली नाही.

म्हणून ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटीचं छोटं पाकीट दिलं जायचं. ते बहुतेक ठिकाणी पेरलंच गेलं नाही. याचा सगळा दोष शेतकऱ्यावर टाकणं अन्यायाचं आहे. ज्याच्याकडे चार एकर आहेत त्यानं त्यातली जागा अळीला खायला सोडावी, अशी ती अपेक्षा होती. आणि ती का, हे त्याला समजेल असं कोणी सांगितलंही नाही. त्यात लांब मुदतीची संकरित वाणं आणि पाणी असेल तिथे फेब्रुवारी-मार्चपर्यंत ठेवलेली फरदड. अळीला वर्षभर पंगत.

२०१० मध्ये गुजरातमधल्या चार जिल्ह्यांत पहिल्या जनुकाविरुद्ध गुलाबी बोंडअळीची प्रतिकारशक्ती जाहीर झाली. नंतर बीजी-२ वरही अळ्या जगू लागल्या, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडंच्या बोंडं किडली. अमेरिकेतल्या ॲरिझोनामध्ये हीच अळी आणि हेच विष होतं, पण तिथे नॉन-बीटी पट्टे पाळले गेले आणि नंतर वांझ पतंग सोडले गेले. २०१८ मध्ये अमेरिकेनं आपल्या कापूस पट्ट्यातून ही अळी नाहीशी झाल्याचं जाहीर केलं. सिद्धांत दोन्हीकडे एकच होता. तो एकीकडे वापरला गेला आणि दुसरीकडे पाकिटात राहिला.

यात परिकल्पना कुठे आहे? २०१५ नंतर एखाद्या शेतात बीजी-२ च्या बोंडात जिवंत अळी दिसली, तर निदान तीन कारणं शक्य होती. एक, अळी प्रतिकारक झाली. दोन, बियाणं बोगस होतं, त्यात बीटी नव्हतंच. तीन, हंगामाच्या शेवटी झाडातलं विष कमी पडलं. या तीन प्रतिस्पर्धी परिकल्पना. प्रत्येकीची तपासणी वेगळी. बोंडाचा नमुना घेऊन त्यात बीटी प्रथिन आहे का, किती आहे, ते बघायचं. शेतातल्या अळ्या प्रयोगशाळेत वाढवून त्यांना विषाच्या वेगवेगळ्या मात्रा द्यायच्या आणि कधीच बीटी न खाल्लेल्या अळ्यांशी तुलना करायची. अशा तपासण्यांमधूनच पहिल्या कारणाचा पुरावा उभा राहिला. अळी बदलताना कोणी 'पाहिली' का? हो, पिढ्यांमागून पिढ्या, आकड्यांमध्ये. शेतकऱ्यानं ती आपल्या उताऱ्यात पाहिली.

मग हा सिद्धांत 'नुसता' कसा? सिद्धांत म्हणजे आधीचं सगळं एका सूत्रात बांधून पुढचं सांगू शकणारी मांडणी. विज्ञानाकडे द्यायला याहून मोठी गोष्ट नाही.

दोष थोडा आपल्या शब्दांचाही आहे

इंग्रजीत थिअरी या शब्दाचा बोलीतला अर्थ 'अंदाज' असा असल्यामुळे घोळ होतो. आपल्याकडे घोळ वेगळा आहे. 'सिद्धांत' या शब्दात 'सिद्ध' आहे. त्यामुळे मराठी वाचकाला तो एकदा कायमचा सिद्ध झाला असं वाटतं आणि उद्या त्यात सुधारणा झाली की 'शास्त्रज्ञ सारखे मत बदलतात' अशी कुरकुर सुरू होते. 'उपपत्ती' हा जुना शब्द कारणमीमांसेच्या जवळ जाणारा, म्हणून जास्त नेमका. पण वापरातून गेलाय. 'उत्क्रांतिवाद' तर आणखी अवघड. समाजवाद, गांधीवाद यांच्या पंक्तीत बसल्यामुळे तो पटला तर घ्यावा, नाही तर सोडावा असा वाटतो.

'नियम' ऐकला की डोळ्यांसमोर सरकार येतं. व्हेरायटी चौकात सिग्नल मोडला तर चलान येतं. ओहमचा नियम न पाळणाऱ्या डायोडला कोण चलान देणार? निसर्गाचे नियम म्हणजे आज्ञा नव्हेत. एखादी वस्तू नियमाबाहेर वागली तर गुन्हेगार ती नसते. नियमाची हद्द तिथे संपलेली असते.

आणि सगळ्यात धोकादायक शब्द 'गृहीतक'. आपण तो दोन उलट अर्थांनी वापरतो. जे तपासायचं आहे तेही गृहीतक आणि जे न तपासता धरून चालायचं आहे तेही गृहीतक. 'विद्यार्थी प्रश्नावली प्रामाणिकपणे भरतील' हे धरून चाललेलं. 'वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांचा वाचनाचा वेळ घरी राहणाऱ्यांपेक्षा जास्त असतो' हे तपासायचं. दोन्ही एकाच मथळ्याखाली लिहिलेले कितीतरी प्रबंध ग्रंथालयात सापडतील. माझी सूचना साधी आहे. तपासायचं ते 'परिकल्पना', धरून चालायचं ते 'गृहीतक', आणि ही वाटणी पहिल्या प्रकरणातच लिहून टाका.

सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांसाठी

आता तुमच्या कामाचं. सामाजिक शास्त्रं, वाणिज्य, शिक्षणशास्त्र यांच्या सिनॉप्सिसमध्ये पाच-सहा शून्य परिकल्पना ओळीनं असतात : 'अमुक आणि तमुक यांत लक्षणीय फरक नाही.' शून्य परिकल्पना हे संख्याशास्त्राचं हत्यार आहे. ती तुमची कल्पना नव्हे. तुमच्या कल्पनेला ज्याच्याशी झुंजायचं आहे तो पैलवान आहे. तो पडला नाही तर 'शून्य परिकल्पना सिद्ध झाली' असं लिहू नका. 'नाकारता आली नाही' एवढंच लिहा. आणि तो पडला तरी त्यातून सिद्धांत जन्मत नाही. फरक आहे एवढं कळतं, का आहे ते कळत नाही. ते सांगायला वेगळी मांडणी लागते, आणि व्हायव्हात प्रश्न तिथेच येतो.

परिकल्पना कशी मांडावी याचा नमुना हवा असेल तर पुण्यात २००८ मध्ये झालेली फलज्योतिषाची चाचणी बघा. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ती केली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका घेतल्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका द्यायच्या आणि त्यानं कोणती कुठल्या गटातली ते ओळखायचं. नाणं उडवूनही निम्मी बरोबर येतील, म्हणून यशाची रेषा आधीच ठरवली : किमान २८. तयारी दाखवलेल्या ५१ पैकी २७ जणांनी उत्तरं पाठवली. त्यांच्या यशाची सरासरी ४६ टक्के निघाली. एका संस्थेला सगळ्या २०० पत्रिका दिल्या होत्या. त्यांची १०२ बरोबर आली. २००९ मध्ये हे 'करंट सायन्स'मध्ये छापून आलं.

यात तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. दावा एवढा नेमका होता की तो चुकू शकत होता. यश-अपयशाची रेषा उत्तरं येण्याआधी आखली होती. आणि निष्कर्ष तपासलेल्या दाव्याएवढाच होता : पत्रिकेवरून ही एक गोष्ट ओळखता आली नाही.

तुमची परिकल्पना लिहून झाली की तिला चार प्रश्न विचारा. हे विधान एका घटनेबद्दल आहे, नेमानं दिसणाऱ्या संबंधाबद्दल आहे, की कारणाबद्दल? ते खोटं असेल तर मला काय दिसेल? ते तपासताना मी कोणता सिद्धांत वापरतोय, आणि तोच अपुरा असेल तर? आणि माझ्या परिकल्पनेला निदान एक तगडा प्रतिस्पर्धी आहे का? गिल्बर्टला पहिले दोन प्रश्न सुटले होते, तिसऱ्यानं त्याला दगा दिला. तुमच्या गाइडनं चौथा प्रश्न विचारला नाही तर तुम्हीच स्वतःला विचारा.

आणि परीक्षेत 'योग्य क्रम लावा' आलंच, तर? उत्तरतालिका बघून मार्क घ्या. एका मार्कासाठी सत्याग्रह करायची गरज नाही. पण प्रबंधात ती शिडी काढू नका. तिथे तपासणारा माणूस असतो, तालिका नसते.